मंगळावरच्या रोव्हरचे कच्चे फोटो: रंग, खोली आणि अंतर काढण्याची रीत

पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला. तेव्हापासून त्याचे फोटो नासाच्या संकेतस्थळावर ‘रॉ इमेजेस’ विभागात सतत येत असतात. ते सगळ्यांना खुले आहेत, नावनोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. बहुतेक जण एखादा फोटो घेतात, संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो’ दाबतात आणि निळसर आकाशाचा, पृथ्वीवरच्या वाळवंटासारखा दिसणारा मंगळ तयार करतात. दिसायला छान, पण त्यातून मोजता काहीच येत नाही. कच्ची फाईल म्हणजे मोजमापांची यादी आहे. ते आकडे कशाचे, हे कळेपर्यंत रंगांना हात लावू नये. पुढची सगळी रीत या एका नियमावर उभी आहे.

साहित्य फार लागत नाही. साधा संगणक, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यातली नमपाय (आकडेमोडीसाठी) व ओपनसीव्ही (चित्रांसाठी) ही दोन पॅकेजेस, फोटो संपादनाला जिम्प, आणि फोटो जोडायला हगिन. सगळं फुकट मिळतं. लाल-निळसर काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा असेल तर उत्तम.

कोणता कॅमेरा कशासाठी

या मोहिमेत एकूण २३ कॅमेरे होते. त्यातले काही फक्त उतरण्याच्या काही मिनिटांसाठी होते, ते सोडून द्या. आपल्याला कायम लागणारे कॅमेरे मोजकेच आहेत.

नॅव्हकॅम ही रोव्हरच्या उभ्या खांबावरची कॅमेऱ्यांची जोडी वाट शोधायला आहे. ५१२० × ३८४० पिक्सेल, रंगीत, आडवं दृश्यक्षेत्र ९६ अंश, दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर ४२.४ सेंमी. अंतर मोजायला हीच जोडी घ्या. हॅझकॅम पुढे-मागे खाली बसवलेले असतात आणि १३६ अंशांचं दृश्य टिपतात. चाकं आणि समोरचे अडथळे पाहायला ते ठीक, पण भिंग इतकं रुंद असल्यामुळे कडा वाकतात, म्हणून साध्या सूत्राने मोजायला घेऊ नका.

मास्टकॅम-झेड ही विज्ञानासाठीची झूम जोडी आहे. सेन्सर १६०० × १२०० पिक्सेलचा, पिक्सेलचा आकार ७.४ मायक्रॉन, फोकल लेंथ, म्हणजे झूम किती ते सांगणारं माप, २६ ते ११० मिमी. २६ मिमीला आडवं दृश्य २५.६ अंश भरतं, ११० मिमीला ६.२ अंश. जगाला माहीत असलेले पर्सिव्हरन्सचे बहुतेक भव्य पॅनोरामा याच जोडीचे आहेत.

सुपरकॅमच्या दुर्बिणीचे फोटो गोल येतात आणि चौकोनाचे कोपरे काळे असतात. ते बिघडलेले नाहीत, दुर्बिणीचं दृश्यच गोल आहे. हाताच्या टोकाला असलेला वॉटसन खडकाला अगदी टेकून फोटो काढतो.

आधी फाईलचं नाव वाचा

निम्म्या चुका इथेच टळतात. पर्सिव्हरन्सच्या फाईलचं नाव, शेवटचा विस्तार सोडला तर, ५४ अक्षरांचं असतं आणि प्रत्येक जागेला अर्थ असतो.

जागा १ आणि २ म्हणजे कॅमेरा. झेड-एल आणि झेड-आर ही मास्टकॅम-झेडची डावी-उजवी बाजू, एन-एल आणि एन-आर नॅव्हकॅम, एफ-एल आणि एफ-आर पुढचे हॅझकॅम, आर-एल आणि आर-आर मागचे. एल-आर म्हणजे सुपरकॅमची दुर्बीण, एस-आय म्हणजे वॉटसन.

जागा ३ वर मास्टकॅम-झेडसाठी फिल्टरचा क्रमांक असतो, ० ते ७. नॅव्हकॅमसाठी तिथे अक्षर येतं: एफ असेल तर तयार रंगीत, ई असेल तर न उलगडलेला बायर नमुना, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची मोजणी (पुढे सविस्तर).

५ ते ८ हा सोल, म्हणजे उतरल्यापासूनचा मंगळदिवस. तो २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. १० ते १९ हे यानाच्या घड्याळाचे सेकंद, १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजलेले. डावा-उजवा फोटो एकाच वेळचा आहे का, हे सोलवरून ठरवू नका, या सेकंदांवरून ठरवा.

२४ ते २६ ही फाईलची जात. तिथे ई-बी-वाय दिसलं तर बायर नमुना तसाच आहे, रंग तुम्हाला काढायचे आहेत. २८ व्या जागेवर टी असेल तर तो अंगठ्याएवढा नमुना फोटो, एन असेल तर पूर्ण. रोव्हर आधी छोटे नमुने पाठवतो, मग मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या फेऱ्या आणि उरलेली क्षमता पाहून मोठे. त्यामुळे आज टी दिसला म्हणून पूर्ण फोटो नाहीच असं समजू नका, काही दिवसांनी परत पाहा.

२९ ते ३१ आणि ३२ ते ३५ हे दोन आकडे रोव्हरच्या जागेचे. ते दोन्ही तेच असतील तर रोव्हर हललेला नाही. ३६ ते ४४ हा आज्ञाक्रमाचा क्रमांक. पॅनोरामाच्या सगळ्या फ्रेम सहसा एकाच क्रमांकाखाली असतात, म्हणून मोझेइक गोळा करताना नजरेने दृश्य जुळवत बसण्यापेक्षा हा क्रमांक शोधा. काम मिनिटांत होतं.

शेवटचा तुकडा सगळ्यात उपयोगी, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. मास्टकॅम-झेडच्या नावात ४६ ते ४८ या जागी फोकल लेंथ असते: ०३४, ०६३, ११० अशी. नॅव्हकॅमच्या नावात ४६ आणि ४७ वर अख्ख्या फोटोच्या तुकड्याचा, म्हणजे टाइलचा क्रमांक असतो. ४९ वी जागा किती लहान केलंय ते सांगते: ० म्हणजे मूळ आकार, १ म्हणजे निम्मा, २ म्हणजे चतुर्थांश. ५० आणि ५१ वर दोन अंक असतील तर ती जेपेगची गुणवत्ता, ८५ किंवा ९५ अशी. तिथे पहिलं अक्षर एल असेल तर फाईल माहिती न गमावता दाबलेली आहे. रंगांचं आणि मोजमापाचं काम करायचं असेल तर एल-वाल्या फाईल आधी शोधा.

डाउनलोड करताना एक पथ्य पाळा. संकेतस्थळावर प्रत्येक फोटोच्या ३२०, ८०० आणि १२०० पिक्सेलच्या जेपेग प्रतीही असतात. त्या फक्त पाहण्यासाठी. बायर नमुन्याची फाईल लहान-मोठी केली की शेजारचे लाल-हिरवे-निळे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. मग कितीही डोकं लावलं तरी रंग निघत नाहीत, उलट जाळीदार लाटा उठतात. मूळ पीएनजीच घ्या.

फोटोसोबत जेसन या मजकूर-फाईलच्या स्वरूपात माहितीही मिळते: मंगळावरची स्थानिक वेळ, खांब कोणत्या दिशेला किती वळला होता, रोव्हरचा कल, सेन्सरचा कोणता आयत वाचला आणि कॅमेऱ्याचं गणिती प्रतिमान. ती फाईल फोटोच्याच नावाने शेजारी साठवा. नंतर शोधायला गेलात तर वैतागाल.

बायर नमुना उलगडणं

मास्टकॅम-झेडचा सेन्सर घरातल्या फोनसारखाच आहे. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच: एका ओळीत लाल-हिरवा, पुढच्या ओळीत हिरवा-निळा. फाईल ४०० टक्के मोठी करून पाहा. बारीक चौकटी दिसल्या तर नमुना शाबूत आहे. गुळगुळीत दिसली तर रंग आधीच उलगडले आहेत आणि ही पायरी ओलांडायची.

पायथनमध्ये फाईल एकरंगी म्हणून वाचा. पीएनजी कधी तीन सारख्या थरांची असते आणि ओपनसीव्ही आपणहून तीन थर वाचते. तशी ती उलगडणाऱ्या फंक्शनला दिली की चूक दाखवून थांबते. एकच थर ठेवा.

दुसरा खड्डा ओपनसीव्हीच्या नामकरणाचा. नमुना लाल-हिरवा, हिरवा-निळा असा सुरू होत असेल तर त्यांच्या जुन्या पद्धतीत निवडायचा पर्याय ‘बायर-बीजी’ आहे, ‘बायर-आरजी’ नाही. त्यांनी नाव दुसऱ्या ओळीतल्या पिक्सेलवरून दिलंय. चुकलात तर लाल आणि निळा यांची अदलाबदल होते आणि मंगळ निळा दिसतो. तिथे ‘व्हाइट बॅलन्स’ ओढत बसू नका, पर्याय बदला.

तिसरा खड्डा कापण्याचा. मास्टकॅम-झेडची संकेतस्थळावरची पूर्ण फाईल १६४८ पिक्सेल रुंद येते. कडेच्या काळ्या पट्ट्या म्हणजे प्रकाश न पडलेले स्तंभ. त्या कापायच्या असतील तर आधी रंग उलगडा, मग कापा. आधीच कापायचं असेल तर दोन्ही दिशांनी सम संख्येनेच कापा. एक पिक्सेल जरी विषम कापला तरी नमुना सरकतो, लालच्या जागी हिरवा येतो आणि सगळं चित्र हिरवट-जांभळं होतं.

झटपट आणि प्रामाणिक मार्ग हवा असेल तर मधले रंग अंदाजाने भरूच नका. २ × २ चौकटीतला लाल, दोन हिरव्यांची सरासरी आणि निळा घेऊन एक पिक्सेल बनवा. चित्र निम्म्या आकाराचं होतं, पण त्यातला प्रत्येक आकडा खरा असतो, कडांवर खोटी रंगीत झालर येत नाही. रंगांची तुलना करायची तर आमचं मत याच पद्धतीला.

वर्गमूळ काढून टाका

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सेन्सर ११ बिटांत मोजतो, म्हणजे ० ते २०४७. पृथ्वीवर पाठवायला ते ८ बिटांत, ० ते २५५ मध्ये बसवतात, आणि सरळ भागाकार करून नव्हे तर वर्गमूळाच्या तक्त्याने. कारण साधं आहे: उजेड वाढला की प्रकाशकणांच्या मोजणीतला स्वाभाविक गोंगाटही त्याच्या वर्गमूळाने वाढतो. म्हणून उजळ भागात बारीक पायऱ्या राखून फायदा नाही, अंधाऱ्या भागात आहे.

परिणाम असा, की फाईलमध्ये एक पिक्सेल १२८ आणि दुसरा ६४ असेल तर प्रकाश दुप्पट नाही, चौपट आहे. उलटवायला प्रत्येक आकड्याला २५५ ने भागा, वर्ग करा आणि २०४७ ने गुणा. १२८ चे साधारण ५१६ होतात, ६४ चे १२९. हा तक्त्याचा जवळचा अंदाज आहे, रंग जुळवायला आणि फोटो जोडायला पुरतो.

लोकांना हे चुकतंय हे कळत का नाही? वर्गमूळाची वक्ररेषा आणि संगणकाच्या पडद्यासाठी आकडे उजळवणारी गॅमा वक्ररेषा जवळजवळ सारख्या आहेत, त्यामुळे न उलटवलेली फाईल पडद्यावर नीटच दिसते. रंगांचे गुणांक लावायला घेतले की मग सावल्यांत एक छटा आणि उजेडात दुसरी, असा घोळ सुरू होतो. म्हणून क्रम असा ठेवा: वर्गमूळ उलटवा, रंग उलगडा, रंग जुळवा, आणि पडद्यासाठीची गॅमा अगदी शेवटी लावा. मधलं सगळं काम १६ बिटांत किंवा दशांश संख्यांत करा. ८ बिटांत वर्ग केलात तर अंधाऱ्या भागातल्या पायऱ्या एकमेकींत विरघळतात.

रंग: कशाला पांढरं म्हणायचं

रोव्हरच्या पाठीवर मास्टकॅम-झेडसाठी रंगजुळणीची तबकडी आहे. कोपनहेगन विद्यापीठात बनलेली. मध्ये सावली पाडणारा छोटा खांब, भोवती करड्या छटांची वर्तुळं, कडेला आठ गोल ठिपके: लाल, हिरवा, निळा, पिवळा, बाकीचे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे. या ठिपक्यांखाली कडीच्या आकाराची चुंबकं आहेत. मंगळाची धूळ चुंबकाला चिकटते, त्यामुळे ती कडीवर गोळा होते आणि ठिपक्याचा मधला भाग त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो.

तुमच्या फोटोच्या आसपासच्या वेळेचा तबकडीचा फोटो शोधा. त्याच सोलचा मिळाला तर सोनंच. फिल्टर तोच हवा. करड्या ठिपक्याच्या मधल्या भागातली सरासरी घ्या, कडीवरची धूळ आणि खांबाची सावली टाळून. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही सरासऱ्या सारख्या करणारे गुणांक काढा आणि तेच तुमच्या फोटोला लावा. पिवळा ठिपका पिवळा आणि निळा निळा दिसतोय का, तपासा. बायरचा पर्याय चुकला असेल तर इथे उघडं पडतं.

याने मिळतं ते चित्र ‘पृथ्वीवरच्या उजेडात हा खडक कसा दिसला असता’ या प्रकारचं. भूशास्त्रज्ञांना ते आवडतं, कारण ओळखीच्या खडकांशी तुलना करता येते. मंगळावर उभ्या माणसाला जे दिसेल ते याहून पिवळट-तपकिरी असेल, कारण तिथला उजेड धुळीतून गाळून येतो. दोन्ही बरोबर आहेत. कोणतं केलंय, ते फोटोखाली लिहा, एवढंच.

‘ऑटो’ बटण इथे नेमकं काय बिघडवतं ते समजून घ्या. ते गृहीत धरतं की चित्राची सरासरी करडी असायला हवी. मंगळाच्या चित्राची सरासरी करडी नसते, तांबूस असते. मग बटण तांबूस काढून टाकायला निळा ओततं आणि आकाश निळं होतं. सूर्यास्ताच्या फोटोत उलटी गंमत. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या नासाच्या दुसऱ्या रोव्हरने १५ एप्रिल २०१५ रोजी, ९५६ व्या सोलला गेल विवरातून टिपलेल्या सूर्यास्तात सूर्याभोवती खरोखर निळी प्रभा आहे, कारण धुळीचे बारीक कण निळा प्रकाश पुढच्या दिशेने जास्त विखुरतात. तिथे ‘ऑटो’ दाबलं की ती निळाईच पुसली जाते.

अरुंद फिल्टर

मास्टकॅम-झेडचा फिल्टर ० हा साधा रंगीत. पुढचे १ ते ६ प्रकाशाचा एकेक अरुंद पट्टाच आत सोडतात. डावीकडचे १ ते ६ अनुक्रमे ८००, ७५४, ६७७, ६०५, ५२८ आणि ४४२ नॅनोमीटरचे, उजवीकडचे ८००, ८६६, ९१०, ९३९, ९७८ आणि १०२२ चे. दोन्हीकडचा ७ सूर्याकडे पाहण्यासाठी, जमिनीच्या फोटोत शोधू नका.

हे फिल्टर बायरच्या काचांच्या पुढे फिरतात, काचा काही काढता येत नाहीत. म्हणून ४४२ नॅनोमीटरच्या फोटोत फक्त निळे पिक्सेल कामाचे असतात, चारात एक. ५२८ ला हिरवे, चारात दोन. ६७७ ला लाल. अशा फाईलवर रंग उलगडण्याचं फंक्शन चालवणं ही चूक आहे, त्याने निरर्थक पिक्सेलही हिशेबात येतात. कामाचे पिक्सेल वेगळे काढा, बाकीचे फेका. ८०० च्या पलीकडे तिन्ही काचा जवळजवळ सारख्याच पारदर्शक होतात, तिथे सगळे पिक्सेल वापरा.

मग तीन फिल्टर लाल, हिरव्या, निळ्या थरांत ठेवून छद्मरंगी चित्र बनवा. जिम्पमध्ये कलर्स, कंपोनंट्स, कंपोज असा मार्ग आहे. थर लावण्याआधी फ्रेम एकमेकींवर बसवून घ्या. फिल्टर बदलला की चित्र किंचित सरकतं, आणि न बसवलेल्या कडेची रंगीत रेघ कुणाला तरी हमखास खनिजाची शीर वाटते.

डोळ्यांना खोली, हातात अंतर

चष्म्याने पाहायचं चित्र सोपं आहे. डावा फोटो लाल थरात, उजवा हिरव्या आणि निळ्या थरांत. इस्रोने ५ सप्टेंबर २०२३ रोजी प्रज्ञान रोव्हरच्या नॅव्हकॅममधून केलेलं विक्रम लँडरचं त्रिमित चित्र याच मांडणीने प्रसिद्ध केलं होतं. चष्म्याची लाल काच डाव्या डोळ्यावर. आधी दोन्ही फोटो एकरंगी करा, नाहीतर तांबडी जमीन एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळी दिसते आणि डोकं दुखतं.

माणसाच्या डोळ्यांत अंतर साधारण ६.५ सेंमी, नॅव्हकॅमच्या दोन डोळ्यांत ४२.४. म्हणून खोली अतिशयोक्त दिसते आणि टेकड्या खेळण्यासारख्या वाटतात. तो तुमचा दोष नाही.

आता अंतर. नॅव्हकॅमची फोकल लेंथ १९.१ मिमी, पिक्सेल ६.४ मायक्रॉन, म्हणजे फोकल लेंथ पिक्सेलमध्ये २९८४. तिला ०.४२४ मीटरने गुणलं की १२६५ येतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. डाव्या आणि उजव्या फोटोत एकच खूण शोधा, त्यांच्या आडव्या जागांतला फरक पिक्सेलमध्ये काढा आणि १२६५ ला त्या फरकाने भागा. उत्तर मीटरमध्ये.

समजा खडकाचं टोक डाव्या फोटोत २७१० वर आणि उजव्यात २५९५ वर आहे. फरक ११५, अंतर ११ मीटर. खडक ९० पिक्सेल रुंद दिसत असेल तर ९० × ११ ÷ २९८४, म्हणजे सुमारे ३३ सेंमी.

यात फसायच्या तीन जागा आहेत.

चतुर्थांश आकाराचा पूर्ण फोटो आणि मूळ आकाराची एक टाइल, दोन्ही साधारण १२८० × ९६० च्या आसपासच असतात. नुसतं पाहून फरक कळत नाही. नावातली ४९ वी जागा पाहा. तिथे १ असेल तर १२६५ ऐवजी ६३२, २ असेल तर ३१६ घ्या. हे विसरलात तर अंतर चौपट चुकतं.

टाइलमध्ये मोजलेली जागा ही टाइलमधली असते, अख्ख्या फोटोतली नाही. जेसनमधल्या आयताची सुरुवात तिच्यात मिळवा. डावी आणि उजवी टाइल एकाच जागेवरून सुरू होते असं गृहीत धरू नका. टाइल एकमेकींवर थोड्या चढलेल्याही असू शकतात.

आणि हे सूत्र फोटोच्या मधल्या भागासाठी आहे. कडेला भिंगाचा वाक इतका असतो की जेसनमधलं कॅमेरा-प्रतिमान वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. नावात २७ व्या जागी एल असेल तर तो वाक आधीच काढलेला आहे.

किती भरवसा ठेवायचा, तेही आधीच काढता येतं: अंतराचा वर्ग भागिले तोच आकडा (१२६५, ६३२ किंवा ३१६), म्हणजे एका पिक्सेलच्या चुकीची किंमत. मूळ आकारात ११ मीटरवर ती सुमारे १० सेंमी, ५० मीटरवर २ मीटर. चतुर्थांश आकारात ५० मीटरवर जवळपास ८ मीटर. म्हणजे क्षितिजावरच्या टेकडीचं अंतर या पद्धतीने काढायचा नाद सोडा. त्यासाठी कक्षेतल्या यानाचे नकाशे आहेत.

मास्टकॅम-झेडला हे सूत्र सरळ लागत नाही. त्याचे दोन कॅमेरे २४.४ सेंमी अंतरावर आहेत आणि एकमेकांकडे मिळून सुमारे २.३ अंश वळवलेले आहेत. त्यांच्या नजरा साधारण ६ मीटरवर एकमेकींना छेदतात. तिथल्या खडकाचा फरक शून्य येतो, त्यापलीकडच्या वस्तूंचा उलट चिन्हाचा. ११० मिमीला दूरची टेकडी दोन फोटोंत सुमारे ६०० पिक्सेलने सरकलेली असते. चष्म्याचं चित्र करताना एक थर तेवढा ओढून घ्यावा लागतो.

अंतर नॅव्हकॅमने काढा, आकार मास्टकॅम-झेडने मोजा, ही जोडी उत्तम. ७.४ मायक्रॉन भागिले फोकल लेंथ असा एका पिक्सेलचा कोन येतो. ११० मिमीला १०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे ६.७ मिमी, ३४ मिमीला साधारण २२ मिमी.

फोटो जोडणं

एकच जागा, एकच आज्ञाक्रम, एकच फोकल लेंथ आणि जवळजवळची वेळ अशा फ्रेम घ्या. वेळेचं महत्त्व सावल्यांमुळे. क्युरिऑसिटीने २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१९ दरम्यान हजाराहून अधिक फोटोंचा, १.८ अब्ज पिक्सेलचा पॅनोरामा घेतला, तेव्हा फोटो रोज स्थानिक दुपारी १२ ते २ याच वेळेत काढले होते.

हगिनला आडवं दृश्यक्षेत्र हाताने द्या. ६३ मिमीला ते १०.७ अंश. पण तुम्ही १६४८ रुंदीची फाईल न कापता दिलीत तर ते ११.१ द्यावं लागेल. हा छोटा फरक ३६० अंशांच्या पॅनोरामात साठत जातो आणि शेवटची फ्रेम पहिलीला भेटत नाही. सगळ्या फ्रेमना एकच भिंग लावा. आधी फक्त दिशा आणि कल जुळवू द्या, दृश्यक्षेत्र मोकळं सोडायचं ते वर्तुळ पूर्ण होत असेल तरच. खांबाच्या वळणाचे कोन जेसनमध्ये आहेत, ते सुरुवातीची जागा म्हणून भरलेत तर हगिन भरकटत नाही. कोन रोव्हरच्या नाकापासूनचे असतात, उत्तरेपासूनचे नव्हेत.

हगिन दोन फ्रेममधल्या ज्या खुणा जुळवतं, त्यातल्या रोव्हरच्या अंगावरच्या आणि पायाजवळच्या काढून टाका. खांब फिरतो तेव्हा भिंग अक्षावर नसतं, ते एका छोट्या वर्तुळात हलतं. जवळच्या वस्तू त्यामुळे फ्रेमागणिक सरकतात, दूरच्या नाही. दोन्हीकडच्या खुणा एकत्र दिल्या तर हगिन दोघांनाही थोडं थोडं चुकवतं. जमीन नीट बसवा, रोव्हरच्या तुटलेल्या तारा नंतर मुखवटे (मास्क) लावून जोडा. सावलीच्या कडेवरच्या खुणाही काढा, सावली चालते.

क्षितिज लाटेसारखं आलं तर रोव्हर तिरका उभा होता. उभ्या रेषांऐवजी क्षितिजावर आडव्या खुणा देऊन सरळ करा. आकाशात फ्रेमच्या सीमा दिसतात, कारण भिंगाच्या कडेला उजेड कमी पडतो आणि आकाशात तो लपवायला तपशील नसतो. अनेक जण आकाश रंगवून भरतात. भरा, पण तसं लिहा.

हाताच्या कॅमेऱ्यांबद्दल एक इशारा. क्युरिऑसिटीचा माहली वेगवेगळ्या फोकसच्या जास्तीत जास्त ८ फ्रेम यानावरच एकत्र करतो आणि सोबत अंतराचा करडा नकाशाही पाठवतो. यादीत धूसर, पसरट, खडकासारखा पण खडक नसलेला करडा फोटो दिसला तर तो बिघाड नाही. तिथली छटा उजेड नव्हे, अंतर सांगते.

प्रसिद्ध करताना श्रेय द्या. मास्टकॅम-झेडसाठी ते नासा, जेपीएल-कॅलटेक, एएसयू, एमएसएसएस असं लिहितात. त्याखाली सोल, कॅमेरा, फोकल लेंथ, रंग कसे जुळवले आणि काय भरलं, एवढं लिहा. शोधनिबंधाच्या तोडीचे आकडे हवे असतील तर संकेतस्थळावरचे फोटो सोडा. नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात काही महिन्यांनी शास्त्रीयदृष्ट्या प्रमाणित केलेल्या फाईल येतात. तिथे पिक्सेलचा आकडा थेट परावर्तित प्रकाशाचं प्रमाण असतो आणि वर सांगितलेली वर्गमूळाची आणि तबकडीची कसरत करावी लागत नाही.